धुळाबाबाचा इसार

चहा जरा सावकाश घ्या, ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही. माणसाची फजिती होते, चार लोक हसतात, आणि मग ती विरून जाते. माझी विरली नाही. माझी फजिती साडेसहा फूट लांब आहे, अस्सल सागवानाची आहे, आणि तिच्यावर मी आजही झोपतो.

हसा, हसा. मीही हसतो आता. तेव्हा हसू येत नव्हतं.

लढाईचे दिवस होते ते. आमचं गाव इस्लामपूरकडून कृष्णेच्या अंगाला, आणि आमचं घर सुताराचं. वाटेच्या कडेला लिंबाखाली आमची छपरी. वडील, म्हणजे आबा, नांगर-कुळव करायचे, गाड्यांची चाकं भरायचे. शेतकऱ्यांचं वर्षभराचं काम आम्ही करायचं आणि सुगीला त्यांच्या खळ्यावरून धान्य आणायचं, असा रिवाज. त्यात आगाऊ काही मागायचा प्रश्नच नव्हता.

पण मी दोन वर्षं सांगलीला एका दुकानात खुर्च्या-टेबलं शिकून आलो होतो. तिथल्या मालकाची एक रीत मला फार आवडली होती. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यानं काम ठरल्याची खूण म्हणून आधी काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय मालक करवतीला हात लावायचा नाही. त्यालाच इसार म्हणायचे. इसार आला की माणूस बांधला गेला, असं मालक म्हणायचा. माणूस कोणता, हे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

गावात आलो तेव्हा नव्या वस्तूंची हौस मलाच जास्त होती. एका हवालदारानं रजेवर असताना हाताची खुर्ची सांगितली. मी पॉलिश करेपर्यंत त्याला पलटणीतून बोलावणं आलं. त्याचे वडील म्हणाले, "बसणारा गेला, आता खुर्चीवर काय म्हस बसवू?" शाळेच्या मास्तरांनी खणाचं टेबल सांगितलं आणि त्यांची बदली कवठे महांकाळला झाली. खुर्ची आणि टेबल आमच्या माळ्यावर एकमेकांकडे बघत बसली.

तेव्हा मी छपरीच्या फळीवर खडूनं ठळक लिहिलं, 'इसार ठेवल्याशिवाय काम हातात घेतले जाणार नाही.' आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडानंही ऐकवत सुटलो की पैसे नसतील तर वस्तू ठेवा, धान्य ठेवा, काहीही चालेल, पण काहीतरी ठेवा.

आबांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गावाच्या तोंडावर हे लिवायचं? लोक आपल्यावर इस्वास ठेवत्यात, आन आपुन त्यांच्यावर ठेवायचा न्हाई व्हय?"

"आवं आबा, गावाच्या कामाला न्हाई हे. बाहेरच्या गिऱ्हाइकाला."

"मग येऊ दे तुझं बाहेरचं गिऱ्हाईक."

आता माझा एक दोष सांगायला हवा, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. मी रंधा मारायला लागलो की जागेवर राहत नाही. म्हणजे देह तिथंच असतो, हात नीट चालतात, पण मी जातो. लाकडाचा वास दरवळायला लागतो, पातळ सालपं वळवळत पायाशी पडतात, आणि त्या सळसळीत मला सांगलीच्या पेठेतलं माझं दुकान दिसायला लागतं. पुढे काचेचं कपाट, आत ओळीनं खुर्च्या, ऊन तिरपं येऊन पॉलिशवर पडलेलं. वर पाटीवर माझं नाव. त्या दुकानात मी तासन्‌तास बसून असायचो. तेवढ्या वेळात इथं कुणी काही विचारलं तर माझ्या तोंडून आपोआप 'व्हय' जायचं. आबा लोकांना सांगायचे, "थांबा जरा. दत्तू अजून परतायचाय."

तर कार्तिकातली दुपार. दिवाळी झालेली, उसाला तुरे आलेले, आणि वाऱ्यानं सगळं शिवार हळूहळू डुलत होतं. दरवर्षी त्या सुमाराला आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या वाटेनं घाटाकडे जायचे आणि कोकणात उतरायचे. जेठात, पाऊस लागायच्या आधी, त्याच वाटेनं परत. त्यांतला धुळाबाबा आमच्या ओळखीचा. सत्तरीचा, काटक, खांद्यावर घोंगडी. त्याची मेंढरं आबांच्या लहानपणापासून त्या वाटेनं जात आलेली.

मी रंधा मारत होतो. लांबून मेंढरांच्या घुंगरांचा आवाज आला आणि माझ्या दुकानात तो फारच गोड वाटला. मग समोर धुळाबाबा उभा दिसला, पण पाण्याखालून दिसावा तसा. त्याच्या खांद्यावर एक काळी मेंढी होती. तो बोलत होता. बराच वेळ बोलला. हातवारे करून बोलला. मी मान हलवली. 'व्हय' म्हणालो. आणखी दोनदा 'व्हय' म्हणालो. त्यानं मेंढी छपरीच्या खांबाला बांधली.

"मग ठरलं न्हवं?" एवढंच मला स्वच्छ ऐकू आलं.

"ठरलं," मी म्हणालो.

"जेठात येतो."

आणि तो गेला. धूळ खाली बसली, घुंगरं लांब गेली, आणि मेंढी ओरडली. तेव्हा मी सांगलीहून परत आलो.

आधी मला आनंदच झाला. इसार! माझ्या आयुष्यातला पहिला इसार, आणि तोही चार पायांचा. पैसे नव्हते म्हणून बिचाऱ्यानं मेंढी ठेवली. मी मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, फळीवरच्या अक्षरांकडे अभिमानानं बघितलं, आणि मग काम आठवायला लागलो.

त्यानं काम काय सांगितलं होतं?

पळत वळणापर्यंत गेलो. मेंढरं केव्हाच पुढच्या शिवारात गेली होती. धावत जाऊन गाठताही आलं असतं, नाही असं नाही. पण काय म्हणणार? 'बाबा, तुमचा इसार घेतला, आता काय सांगितलंत तेवढं पुन्हा सांगा'? पहिल्याच गिऱ्हाइकाला? मी परत फिरलो. त्या चार पावलांच्या लाजेनं पुढचं सगळं रामायण घडवलं.

गणू न्हावी माझा जिवलग मित्र. त्याला एकट्याला खरं सांगितलं. तो माझी हजामत करत होता, म्हणून मला मानही हलवता येत नव्हती.

"मेंढी ठेवली म्हंजे काम मोठं हाय," गणू म्हणाला. "उगं मुसळाला कोण मेंढी दील का?"

"पर मोठं म्हंजे काय? गाडी?"

"त्येचा समदा संसार घोड्यावर. गाडी घाटात न्हेतो व्हय?"

"दरवाजा?"

"घर कुठं हाय त्येला?"

"नांगर न्हाई, पाळणा न्हाई, पेटी न्हाई. मग रं?"

गणूनं वस्तरा थांबवला. तो विचार करायला लागला की नेहमी माझ्या गळ्यापाशीच थांबायचा. "दत्तू, ज्येच्याकडं जे हाय ते माणूस कशाला सांगंल? जे न्हाई तेच सांगणार. त्येच्याकडं काय न्हाई?"

"काहीच न्हाई गड्या."

"जलमभर कशावर झोपला त्यो?"

धुळाबाबाला मी कितीदा बघितलं होतं, बांधाला पडलेला, उशाला दगड घेऊन. आणि डोळ्यांसमोर आला पलंग. रुंद, भक्कम, उंच पायांचा, आणि त्यावर तो म्हातारा सुखानं झोपलेला. सत्तर वर्षं चालून चालून थकलेला माणूस, एवढं एकच मागायला माझ्याकडे आला, आणि त्यासाठी कळपातली मेंढी ठेवून गेला. मला खरोखर भरून आलं. गणूला वाटलं वस्तरा लागला.

आता लाकूड. आबांनी पाटणकडून आणलेल्या सागवानाच्या फळ्या चार वर्षं आढ्याला वाळत ठेवल्या होत्या. घराचा दरवाजा करायचा म्हणून. त्या मी मागितल्या.

आबांनी तंबाखू मळणं थांबवलं. "काम काय सांगितलंय धुळाबाबानं?"

"पलंग." असं ठामपणे म्हणालो की माझाही विश्वास बसला.

"धुळाबाबानं? पलंग?" त्यांनी मळलेली तंबाखू झटकून टाकली. "तू त्येच्या तोंडनं ऐकलास?"

"इसार दिलाय न्हवं त्यानं. ती काय बांधलीया मेंढी."

आबा उठले, फळ्यांवरून हात फिरवून आले. "ने. पर ऐकून ठेव. हे काम पार पडलं तर मीच तुला सांगलीला जागा बघून देतो. फसलं, तर ती फळीवरची अक्षरं पुसायची आन जलमभर माझ्याबरं नांगराला बसायचं. पुन्हा दुकानाचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे बघा, पेठेतलं माझं दुकान, ती काच, तो उन्हाचा पट्टा, सगळं त्या एका पलंगाच्या चार पायांवर उभं राहिलं.

कामाला लागलो. आणि पहिल्याच दिवशी ध्यानात आलं की इसार लंगडतोय. मागचा डावा पाय टेकवत नव्हती. मला म्हाताऱ्याचा थोडा रागही आला. इसार म्हणून बरोबर लंगडी बघून दिली होती. पण इसार मेला तर गिऱ्हाइकाला तोंड काय दाखवणार? म्हणून सागाच्याच चार पातळ कामट्या काढल्या, रंधून गुळगुळीत केल्या, खाली कापूस घातला आणि पाय सुतळीनं घट्ट बांधून टाकला. आठवड्याला सोडून बघायचो, पुन्हा बांधायचो. पौषात ती चारही पायांवर उभी राहिली आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या ठोकणीचा लाकडी दस्ता चघळला.

माघात आणखी एक घोटाळा झाला. सकाळी छपरीत आलो, तर सालपांच्या ढिगावर मेंढीशेजारी एक ओलं, काळं, डळमळीत कोकरू. इसार व्याला होता.

गणू म्हणाला, "आता इसार वाढला गड्या. काम वाढवाय पायजे."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी उशाची फळी कोरायला घेतली. एका ओळीत मेंढरं चाललीत, पुढे धुळाबाबा, मागं कुत्रं, वर डोंगर. कोकरू झालं म्हणून शेवटी एक कोकरूही कोरलं. बाहेर उसाची गाडी कुरकुरत जायची, कोकरू माझ्या मांडीला टेकून झोपायचं, पटाशीखाली एकेक मेंढरू लाकडातून बाहेर यायचं. आयुष्यात इतकं सुखाचं काम मी पुन्हा केलं नाही. त्या सात महिन्यांत मी सांगलीलाही फारसा गेलो नाही. सगळा वेळ त्या कोरलेल्या कळपाबरोबर कुठल्याशा घाटात चालत असायचो.

गावात पलंगाची ख्याती झाली. बायका बघायला यायच्या. पाटलांनी स्वतः येऊन पाय दाबून बघितले आणि लेकीच्या लग्नात असाच द्यायचा म्हणाले. आणखी एकानं इसार आणतो म्हणून सांगितलं. मी तोऱ्यात म्हणालो, "आधी धुळाबाबाचं काम हातावेगळं हु द्या." आबासुद्धा येता-जाता उशाच्या फळीवरून बोट फिरवायला लागले होते. पेठेतली जागा मला अगदी जवळ दिसत होती.

जेठ उजाडला. पलंग लिंबाखाली मांडला, वर आईचं धुतलेलं लुगडं झाकलं. पाटील, गणू, निम्मी आळी जमली. पश्चिमेकडून घुंगरं ऐकू आली आणि मेंढरांबरोबर धुळाबाबा आला.

आला तो सरळ मेंढीकडे गेला. खाली बसला, तिचा मागचा पाय हातात घेतला, वरपासून खुरापर्यंत दाबून बघितला. तिला दोन पावलं चालवली. त्याचा चेहरा फुलला.

"वा रं पोरा. हाड कसं साधलंस रं! आमच्यातल्या जाणत्याला असं जमायचं न्हाई. लय झ्याक काम केलंस."

"बाबा, काम अजून तुमी बघितलंच न्हाई," मी म्हणालो आणि लुगडं ओढलं.

धुळाबाबा पलंगाकडे बघत राहिला. मग उशाच्या मेंढरांकडे. मग माझ्याकडे. "लगीन ठरलं व्हय तुझं?"

"न्हाई बाबा. हे तुमचं हाय."

"माझं? माझं लगीन?"

"पलंग. तुमी सांगितलेला."

"मी कवा?"

मी मेंढीकडे बोट केलं. "कार्तिकात. मेंढी इसार ठेवली न्हवं तुमी?"

म्हातारा गोंधळून आबांकडे बघायला लागला. "आवं, मी ह्येला म्हणलो, हिचा पाय मोडलाय, घाट चढायची न्हाई. तू सुतार हायस, चार कामट्या लावून बांध, परतीला न्हेतो. पोटुशी हाय, यील ते कोकरू तुला मेहनतीचं. ह्यो व्हय म्हणला. तीनदा म्हणला. मग मी बांधून गेलो. इसार कसला आन काय?"

म्हणजे ज्याला मी इसार समजून सात महिने सांभाळलं, तेच मला दिलेलं काम होतं. आणि ते मी न कळता चोख करून ठेवलं होतं. जे सांगितलंच नव्हतं त्याला मात्र आबांच्या दरवाजाचं लाकूड खर्ची पडलं होतं.

आधी गणू हसला. माझ्या जिवलग मित्रानं सुरुवात केली म्हटल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार? पाटील डोळे पुसत म्हणाले, "दत्तू, तुला पलंगाचा इसार दिला तर आमाला काय मिळंल रं? मोट का तिफन?" ते उठले, आणि त्यांच्याबरोबर दुसरं गिऱ्हाईकही उठलं. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला मी कोकराच्या अंगात तोंड खुपसलं.

आबांनी एक ओलं फडकं आणून माझ्या हातात दिलं. मी जाऊन फळीवरची खडूची अक्षरं पुसली. पेठेतलं दुकान तिथंच पुसलं गेलं.

धुळाबाबाला मात्र वाईट वाटलं. माझा मान राखायचा म्हणून तो पलंगावर चढला आणि आडवा झाला. या कुशीवर, त्या कुशीवर. थोड्या वेळानं उठून बसला. "पोरा, चीज हाय बग ही. पर हितं भुई हाताला लागत न्हाई. झोप भ्या खाती." मग खाली उतरला, घोंगडी अंथरली आणि पलंगाच्या खाली, त्याच्या सावलीत शिरला. दोन मिनिटांत घोरायला लागला. त्याचं कुत्रंही त्याच्या पायाशी जाऊन निजलं.

मी शेजारी बसून राहिलो. लिंबाची पानं हलत होती, वर माझा कोरलेला कळप होता, आणि खाली तो म्हातारा शांत झोपला होता. मी सात महिने स्वप्नात बघितलं होतं तेच. फक्त मजला चुकला होता. इतकी फजिती होऊनही मला त्या घडीला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या प्रहरी तो मेंढी घेऊन गेला. कोकरू ठरल्याप्रमाणे माझं. पलंगही माझाच.

पुढं मी आयुष्यभर नांगर केले, चाकं भरली आणि कुणाकडूनही इसार मागितला नाही. वर्षभरानं लग्न झालं. आमची मंडळी साताऱ्याकडची, हुशार. त्या पलंगावर बसूनच तिनं ही सगळी हकीगत माझ्याकडून ऐकली, हसून हसून दमली, आणि मग तळहात पुढे केला.

"काय?" मी विचारलं.

"इसार. गिऱ्हाइकानं सुताराला कशाला द्यायचा? तुमच्यागत सुतार असंल तर त्यानंच गिऱ्हाइकाला द्यावा. मी काय बोलायच्या आधी कानावरची पेन्सिल माझ्या हातात द्यायची. सांगितलेलं बिनचूक म्हणून दाखवलं की परत."

तेव्हापासून आमच्या घरी हीच रीत. पेन्सिल तिच्या मुठीत असली की माझं मन कुठं जात नाही, कारण पेन्सिलीशिवाय मला स्वप्नाची आखणीच करता येत नाही. पोरंही हेच शिकली. आता नातवंडंसुद्धा हात पुढे करतात.

आज सकाळीही तिनं पेन्सिल घेतली. सांगितलं. मी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवला. ही बघा, पेन्सिल परत कानावर आहे. हातात पिशवी घेऊन निघालो, वाटेत तुम्ही चहाला हाक मारलीत, आणि मी म्हणालो 'व्हय'.

त्याला आता दोन तास झाले. पिशवी रिकामीच आहे. बसताना मी तुमच्यापैकी कुणाला बोललो होतो का हो, की मी काय आणायला निघालोय?